लांब गज, हलका हात

माझ्या दादाची स्तुती करणारे तुम्हाला पायलीचे पन्नास भेटतील. मी त्याची धाकटी बहीण, मला ती सक्ती नाही. तो हट्टी होता, जेवताना बोलायचा नाही, आणि लहानपणी माझ्या वाटणीचं पांघरूण रोज ओढून घ्यायचा. पण व्हायोलिन त्याच्या हनुवटीखाली गेलं की मी गप्प बसायचे. मी गप्प बसायचे, यावरून काय ते समजा.

आमचे वडील पियानो जुळवायचे. परक्यांच्या दिवाणखान्यात बसून एकेक तार जागेवर आणायची आणि संध्याकाळी घरी येऊन सांगायचं, "आज कुणी बडबडू नका रे, कान दमलेत." असंच एका घरून त्यांनी तिथल्या मुलांनी टाकून दिलेलं लहान मापाचं व्हायोलिन आणलं. दादा तेव्हा सहा वर्षांचा. आमच्या दोन खोल्यांच्या मधे एक बोळकांडी होती. तिथे तो वाजवायचा आणि मी त्याच्यापुढे वही धरून उभी राहायचे, कारण स्टँड घ्यायची ऐपत नव्हती. पान उलटायला जरा उशीर झाला की गजाचं टोक माझ्या डोक्यावर. असा आमचा संगीताचा श्रीगणेशा.

एकोणिसाव्या वर्षी तो वाद्यवृंदात लागला, व्हायोलिनच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर, दाराच्या वाऱ्यात. तिथून पहिल्या खुर्चीवर यायला पंधरा वर्षं गेली. कुणाच्या पुढेपुढे केलं नाही, कुणाचा पाय ओढला नाही, नुसतं वाजवलं. मग एका सकाळी तालमीच्या मधेच म्हातारे संचालक चौथऱ्याच्या पायरीवर बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपले. कार्यक्रम तीन दिवसांवर. सगळ्यांचं सगळं पाठ असलेला माणूस एकच होता. त्याच्या हातात संचालकाची काठी दिली, ती पंचवीस वर्षं राहिली. तेव्हापासून तो सगळ्यांचा 'मास्तर' झाला. माझा दादाच राहिला.

शिकवायचा मात्र घरीच, वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत. दोन खुर्च्या, एक स्टँड, पडद्याविना खिडकी. त्याच्या हाताखालून साठ-सत्तर मुलं तरी गेली असतील आणि सगळ्यांना पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकावं लागलं. "गज दाबायचा नाही. हाताचं वजन सोडायचं, तार आपणहून बोलते." कुणी दाबलं की वादन बंद. मग तासभर नुसते हात सैल सोडून उभं राहायचं. "दाबून आवाज मोठा होत नाही, चिडतो," असं तो म्हणायचा. या वाक्यावर तीस वर्षं त्याची शिकवणी चालली.

आता माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वादकांपुढे स्टँडवर ज्या लिखित प्रती असतात, त्या सांभाळणारी मी. व्हायोलिनवाले दोघांत एक स्टँड वापरतात. पहिल्या व्हायोलिनांचे आठ स्टँड, म्हणजे आठ प्रती. संचालक ठरवतो कुठे जोरात, कुठे हळू, कुठे गज वर, कुठे खाली. ते तो पहिल्या प्रतीवर मऊ पेन्सिलीने लिहितो आणि मी ते बाकीच्या सात प्रतींवर उतरवते. पेन चालत नाही. पेनने खूण करणाऱ्या एका शहाण्याला मी सगळ्यांसमोर असं झापलं होतं की तो पुढे महिनाभर माझ्या वाटेला गेला नाही. पेन्सिल अशासाठी, की पुढच्या वेळी पुसता यावं. पुसायचं कामही माझंच.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एक जुनी, मोठी रचना पुन्हा घेतली होती. दादाने पहिली प्रत माझ्या टेबलावर ठेवली आणि मी उतरवायला बसले. पहिल्याच पानावर सहा ठिकाणी 'जोरात'. दुसऱ्यावर नऊ. एका संथ जागी, जिथे सनईसारखा ओबो एकटा बोलतो आणि व्हायोलिनं त्याच्या मागे नुसती श्वास घेतल्यासारखी असतात, तिथे 'जोरात' लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या. मी जुनी नोंदवही काढली. बारा वर्षांपूर्वी, त्याच जागी, त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'हळू, आणखी हळू, ऐकू आलात तर याद राखा.'

मी दोन्ही पानं शेजारी ठेवून पुन्हा वाचली.

व्हायोलिन डाव्या कानाखाली असतं. चाळीस वर्षं, रोज सहा-सहा तास, तो आवाज एकाच कानात जातो. डावा कान झिजतो. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आणि संचालक चौथऱ्यावर उभा राहिला की पहिली व्हायोलिनं नेमकी त्याच्या डाव्या हाताला बसतात. त्याच आठवड्यात त्याच्याकडे गेले होते, तेव्हा स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारत होती आणि दादा तिच्याशेजारी उभा राहून पेपर वाचत होता. वहिनी आतून ओरडली, "अहो, बंद करा ना ते!" त्याने मान वर करून मलाच विचारलं, "काय म्हणतेय?"

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? त्याला हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं असतं. मी खोडरबर घेतलं. मला वाटलं, हे असं वाजलं तर ओबो बुडणार, लोक कुजबुजणार, कार्यकारिणीतले चार टवळे टपूनच बसलेत, ते त्याला नारळ देणार. आणि चौथऱ्यावरून उतरवलेला दादा सहा महिने जगणार नाही, याची मला खात्री होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिल्या प्रतीवरचे सगळे 'जोरात' पुसले, आठही प्रतींवर नोंदवहीतल्या जुन्याच खुणा उतरवल्या आणि लंबूकडे गेले. लंबू म्हणजे दादानंतर पहिल्या खुर्चीवर बसणारा. ताडमाड उंच, बोलायला कमी, मनाने सरळ.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आम्हाला तालमीत कळलंय ताई. मास्तरांना दिसतं ना नीट?"

"चष्म्याने दिसतं."

"मग दाखवू."

त्याची युक्ती अशी. मास्तरांनी 'अजून' अशी खूण केली की गज या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा, कोपर उचलायचं, खांदा हलवायचा, पण तारेवर वजन टाकायचं नाही. लांबून वादळ दिसतं आणि आवाज होता तेवढाच राहतो. लंबू मागे वळून पुटपुटायचा, "लांब गज, हलका हात," आणि ते एका स्टँडवरून दुसऱ्यावर शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचं. दादा ते हलणारे हात बघायचा आणि त्याचा चेहरा फुलायचा. माझा दादा डोळ्यांनी ऐकायला लागला होता, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

कार्यक्रम उत्तम झाला. पेपरात आलं, एवढा समतोल वाद्यवृंद कित्येक वर्षांत ऐकला नाही. ओबोवाला, जो जन्मात कुणाला बरं म्हणत नाही, तो दादाला येऊन म्हणाला, "मास्तर, आज तुम्ही मला बोलू दिलंत." मी कोपऱ्यात उभी राहून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मूर्ख बाई.

अशी साडेचार वर्षं गेली. सत्तर माणसांनी एक गुपित पोटात ठेवलं. कुणी टिंगल केली नाही, कारण त्यातल्या निम्म्यांना त्यानेच वाजवायला शिकवलं होतं. फक्त कार्यक्रमाला निघण्यापूर्वी मला दर वेळी घाम फुटायचा, आणि दर वेळी 'अजून' म्हणणारा त्याचा डावा हात आधीपेक्षा जास्त वर जायचा.

आणि बिट्टी होती.

बिट्टी माझी मुलगी. तिचे बाबा लवकर गेले, त्यामुळे मामाच तिचा बाप, मामाच गुरू, आणि लाड करून बिघडवणाराही मामाच. सातव्या वर्षी त्याने तिच्या हातात व्हायोलिन दिलं. आता ती एकोणीसची. रोज दुपारी मागच्या खोलीत तिची शिकवणी असायची आणि मी बाहेरच्या बाकावर प्रती मांडीवर घेऊन बसायचे. पोरगी चांगली होती. आई म्हणून नाही सांगत, माझे कान तयार आहेत. तिच्या व्हायोलिनला एक मोकळा, न घाबरणारा आवाज होता.

साधारण चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी मी दारातून ऐकलं, "अजून. मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही हे." मग पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबणं. "अजून, बिट्टे. दाब."

माझी पेन्सिल थांबली. त्या खोलीत तीस वर्षांत हा शब्द कधी आला नव्हता, आला तो फक्त 'नाही' लावून. मी उठायला हवं होतं. दार उघडून म्हणायला हवं होतं, दादा, बस कर. मी पान उलटलं.

का नाही उठले, ते आता स्पष्ट सांगते. त्याच महिन्यात ठरलं होतं की बिट्टी एकल वादन करणार, वाद्यवृंदासमोर, मामाच्या काठीखाली. एकोणिसाव्या वर्षी! लंबूला हे पस्तिशीत मिळालं होतं. दादाचं बिंग फुटलं असतं तर हा कार्यक्रमही गेला असता. मला ते हवं होतं. दादाची अब्रू, दादाचा जीव, हे सगळं खरंच होतं, पण त्याच्या आड माझा लोभ बसला होता. तिला निदान लांब गजाची युक्ती सांगावी, असं सतरा वेळा मनात आलं. पण तिच्या पोटात काही राहत नाही. ती थेट मामाच्या गळ्यात पडून रडली असती. म्हटलं, तीनच महिने तर राहिलेत.

तिचा आवाज बदलत गेला. मोकळेपणा गेला, त्याला कड आली, मग खरखर. मी बाकावर बसून रोज ऐकत होते. हनुवटीखालचा डाग काळा पडला. दुपारी परत येताना ती डावा अंगठा चोळत चालायची. विचारलं की "काही नाही गं, मामा म्हणतो आवाज अजून लहान आहे." आणि घरी येऊन आणखी दोन तास, तारांवर बोटं रोवून. एकदा ब्लाउजचं बटण तिला लागेना. मी लावून दिलं. दोघी हसलो. मी तर म्हटलं, "एवढी मोठी घोडी झालीस!" रात्री अंथरुणावर पडल्यावर ती म्हणाली, "आई, वाजवताना करंगळी माझं ऐकत नाही. आपोआप आत वळते." मी म्हटलं, "दमलीयस. झोप."

पहिली मोठी तालीम कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी होती. तालमीच्या त्या मोठ्या खोलीत सत्तर जण, पुढे दादाच्या डाव्या हाताला बिट्टी, आणि मी मागे दाराला टेकून. दादाने काठी उचलली. वाद्यवृंदाने नेहमीसारखं केलं. सगळे गज टोकापासून टोकापर्यंत जात होते, कोपरं वर, आवाज बेताचा. त्या सगळ्या खोट्या वादळाच्या मधे एकटी माझी पोरगी खरं खरं दाबत होती. तिचे दात आवळलेले, मानेच्या शिरा ताठ. दादा तिच्याकडे झुकून म्हणाला, "अजून!" कुणीही वर पाहिलं नाही. सगळे आपापल्या स्टँडकडे बघत होते. लंबूच्या कानाची पाळी लाल झाली होती.

"अजून, बाळा!"

तेवढ्यात करंगळी मिटली. मी लांबून पाहिलं, बोट तळव्यात वळलं आणि उघडेना. सूर चुकला, थोडाथोडका नाही, शाळकरी पोराचा चुकतो तसा. पाठोपाठ दुसरा, तिसरा. सगळ्या खोलीला कळलं. आणि दादा काठी चालवत राहिला. हसऱ्या चेहऱ्याने, मान डोलावत. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

बिट्टीने वाजवणं थांबवलं नाही. चुकीचे सूर वाजवत ती मामाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. मला वाटतं, तिला त्या क्षणी कळलं. मग तिने वाद्यवृंदाकडे नजर फिरवली आणि शेवटी दाराकडे, माझ्याकडे.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला दहा मिनिटं वाजवायला लावलं, बोटं दाबून पाहिली, वेगवेगळ्या खोल्यांतून दोन दिवस फिरवलं. निदान एका वाक्यात होतं. अति ताणाने बोट आणि मेंदू यांच्यातली वाट बिघडली होती. एक वर्ष व्हायोलिन बंद. त्यानंतर? "काही जणांचं परत येतं," डॉक्टर म्हणाले, आणि कागदपत्रं नीट लावायला लागले.

तिथून आम्ही तडक दादाकडे गेलो. तो मागच्या खोलीत होता. बिट्टीने सांगितलं, त्याला ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने, आणि तो मटकन खुर्चीत बसला.

"पण मी काही वावगं मागितलं नाही गं," तो म्हणाला. "तुझा आवाज कमी पडत होता. बाकीच्यांना मी हेच सांगतो. त्यांच्याकडून बरोबर येतं, सगळे म्हणतात. मग तुझ्याच हाताला का..."

"दादा, त्यांच्याकडून येत नाही," मी म्हटलं. "ते नुसतं दाखवतात. तुझा डावा कान गेलाय. पाच वर्षं झाली. तू लिहिलेलं मी पुसते."

एकदाचं बोलून टाकलं. पाच वर्षं जे जड वाटत होतं, ते बोलायला चार श्वास लागले.

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने आपले दोन्ही हात मांडीवर उलटेसुलटे करून पाहिले. मग शांतपणे म्हणाला, "बारके, मला शंका आली होती. त्या किटलीच्या दिवशीच आली होती. मी डॉक्टरची वेळ घेतली होती, तुझ्या वहिनीलाही न सांगता. मग म्हटलं, आधी एकदा पारख करू. मला ऐकू येतं तसंच प्रतींवर लिहायचं. कान चुकत असला तर वाद्यवृंद बोंबलेल, ओबोवाला मला फाडून खाईल, पेपरवाले लिहितील. मग काठी खाली ठेवायची, असं ठरवलं होतं मी."

मी दाराला टेकले.

"कुणी बोंबललं नाही. उलट ओबोवाल्याने येऊन हात हातात घेतला. मला इतका आनंद झाला होता गं. मी डॉक्टरकडे जाणं रद्द केलं." तो बिट्टीकडे वळला. "म्हणून तुला दाबायला सांगताना माझ्या मनात किंतु आला नाही. माझा माझ्या कानावर विश्वास बसला होता."

म्हणजे त्याने मला विचारलं होतं. पेन्सिलीने, माझ्याच टेबलावर, सरळ सरळ प्रश्न ठेवला होता, की बारके, माझे कान शाबूत आहेत का? आणि मी त्याला उत्तर दिलं, हो. मी जर त्या दिवशी ते तसंच उतरवलं असतं तर एक कार्यक्रम पडला असता, एक म्हातारा सन्मानाने घरी बसला असता, आणि माझ्या मुलीची दहाही बोटं तिची राहिली असती. मी माझ्या भावाला वाचवत नव्हते. मी त्याच्या हातून माझ्या मुलीचा हात मोडत होते.

दादा उठला. बिट्टीसमोर गुडघ्यांवर बसायला त्याला वेळ लागला. त्याने तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला, करंगळी हलकेच सरळ केली आणि तिच्यावर कपाळ टेकवून रडला. "चुकलं माझं, बाळा. चुकलं." एवढंच म्हणत राहिला. बिट्टी त्याच्या पांढऱ्या केसांवरून उजवा हात फिरवत होती. "मामा, असू दे रे. उठ. गुडघे दुखतील तुझे."

मला धीर आला. वाटलं, ही पोर मोठ्या मनाची आहे, त्याला माफ केलंय, मलाही करेल. मी पुढे झाले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "बिट्टे, माझंही चुकलं गं."

तिने खांदा काढून घेतला. आवाज अजिबात चढवला नाही.

"मामाला ऐकू येत नव्हतं, आई," ती म्हणाली. "तुला येत होतं. तू रोज दाराबाहेर बसून ऐकत होतीस."